‘मर्क्युरिअल’ म्हणजे रागीट का?

प्रश्न (म्हापसा): मुलीच्या इंग्रजी धड्यात एका राजाचा स्वभाव ‘मर्क्युरिअल’ असल्याचे वाचून मी तिला ‘रागीट’ असा अर्थ सांगितला, पण शिक्षकांनी तो चूक ठरवला. नेमका अर्थ कोणता?

उत्तर (फोंडा): शिक्षकांचे बरोबर आहे. हा शब्द रोमन देव मर्क्युरी याच्या नावावरून आला असून, अवघ्या ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरणारा बुध आणि पारा या दोहोंनाही इंग्रजीत तेच नाव आहे. जुना तापमापक फुटून फरशीवर सांडलेला पारा आठवा. कागदाने गोळा करू जावे, तर थेंब फुटून भलतीकडेच पळतात. ज्याचे मन असे क्षणोक्षणी, अवचित पालटते, तो ‘मर्क्युरिअल’. आपण ‘पारा चढला’ म्हणतो ते केवळ रागाविषयी, आणि घोटाळा तिथेच होतो. मी स्वतः ‘लहरी’ हाच प्रतिशब्द वापरीन.

उत्तर (डिचोली): ‘लहरी’ योग्यच, तरी थोडी पुस्ती जोडते. ‘मूडी’ म्हटले की रुसवा आणि उदासपणा डोळ्यांपुढे येतो. ‘मर्क्युरिअल’मध्ये मात्र चपळ बुद्धी आणि हजरजबाबीपणाही असू शकतो, म्हणून एखाद्या प्रतिभावान कलावंताविषयी तो कौतुकानेही योजला जातो. धड्यातला राजा घडीत बक्षीस देणारा, घडीत हद्दपार करणारा असेल, तर ‘चंचल वृत्तीचा’ असे लिहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. राजा अगदी तसाच आहे. वहीत ‘चंचल वृत्तीचा’ असेच लिहायला सांगते.