नव्या वसाहतीचा देखभाल खर्च : आपले अनुभव

पाऊलवाट :
घर विक्रीला काढायचे म्हणून काल जुनी फाईल उघडली आणि वसाहतीच्या देखभालीचे २०१७ सालचे पहिले बिल हाती आले. घर इंग्लंडमधले, फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आमच्या मालकीचे; पण वसाहतीतले रस्ते, हिरवळ, मुलांचे मैदान आणि पावसाचे पाणी साठवणारे तळे काउन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, ताब्यात घेतलेच नाही. त्यामुळे काउन्सिल टॅक्स पूर्ण भरूनही या सगळ्याचा खर्च रहिवाशांवर आला आणि तो वसूल करायला बिल्डरने नेमलेली कंपनी आली. पहिले बिल १६८ पाउंडांचे होते, यंदाचे ४१२ चे आहे. पहिल्या बिलात 'खेळण्यांची तपासणी' अशी एक ओळ होती, आणि त्या वर्षी मैदानाच्या जागी नारिंगी जाळीच्या आत मातीचा ढीग आणि उलटी पडलेली एक ढकलगाडी होती. मी त्याचा फोटो काढून पत्राला जोडला. तिसऱ्या पत्रानंतर ती रक्कम पुढच्या बिलातून वजा झाली. हिशेब मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आपण काय केलेत, ते अवश्य लिहा.

सांजवारा :
आम्हाला रकमेपेक्षा कलम नडले. रेंटचार्ज, म्हणजे फ्रीहोल्ड घरावर खताने लावलेला आकार, चाळीस दिवस थकला तर घर भाडेपट्ट्याने दुसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार इंग्लंडच्या १९२५ च्या मालमत्ता कायद्याने दिला, मग थकबाकी कितीही किरकोळ असो. आमच्या खतात हा रेंटचार्ज असल्यामुळे खरेदीदाराच्या बँकेने कर्ज थांबवले, आणि खतात दुरुस्ती करून घेण्यासाठी वकिलाचे व कंपनीचे, दोन्ही शुल्क आम्हीच भरले. २०२४ च्या कायद्याने तो अधिकार केवळ जुन्या, निव्वळ उत्पन्नासाठीच्या रेंटचार्जपुरता काढून घेतला; वसाहतीच्या देखभालीचे रेंटचार्ज त्यातून वगळले, याचे मला वाईट वाटते. शिवाय खर्च वाजवी आहे का, हे न्यायाधिकरणापुढे नेण्याचा हक्क त्याच कायद्यात असूनही तो लगेच लागू झाला नाही.

रानजाई :
सांजवाराताई, किती मनस्ताप झाला असेल! ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अकरा मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी ८० टक्के घरांना असा खर्च लागू होता. कुकर लावून आले आहे, बाकीचे रात्री लिहिते.

कोरांटी :
पुण्यात बिल्डरने ताबा देतानाच दोन वर्षांचा मेंटेनन्स चौरस फुटाच्या दराने आगाऊ घेतला. सोसायटी नोंदली गेल्यावर आम्ही हिशेब मागितला, तेव्हा एका कागदावर एकच आकडा लिहून आला. अशा जमा रकमांचे स्वतंत्र खाते ठेवणे आणि ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामासाठी ते वापरणे महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या, कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे, हे आमच्या सचिवांनी पत्रात कलमासह लिहिले. मग व्हाउचरचे दोन खोके आले. माझ्या सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर चार रविवार बसून एकेक पावती लावली, तेव्हा विक्री कार्यालयासमोरच्या दोन पहारेकऱ्यांचा पगारही आमच्याच खात्यातून गेल्याचे दिसले. ते पैसे परत मिळाले. पुढे उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान झाले आणि लहान घरांचे बिल वाढले. ते कुटुंबांना जड गेले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

धुके :
स्कॉटलंडमध्ये वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या कंपनीला फॅक्टर म्हणतात. २०११ च्या कायद्यामुळे फॅक्टरला सरकारी नोंदणी आणि आचारसंहिता बंधनकारक आहे, आणि तक्रार न्यायाधिकरणाकडे नेता येते. आम्हाला तिथवर जावे लागले नाही; आचारसंहितेचा उल्लेख केलेले पत्र गेल्यावर आठवड्यात तपशीलवार हिशेब आला.

रानजाई :
पाऊलवाट, त्या तळ्याला कुंपण आहे का? आमच्याकडे नाही, आणि धाकटा आता चालायला लागला आहे. कंपनीला लिहिले तर कुंपणाचा खर्च पुन्हा सगळ्यांच्या बिलात येईल, म्हणून शेजारी कचरतात.

पाऊलवाट :
रानजाई, आमच्या तळ्याला कमरेएवढे लाकडी कुंपण आहे आणि ते सुरुवातीपासूनचे आहे. मंजूर आराखडा काउन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा; त्यात कुंपण दाखवलेले असेल तर ते घालून देणे बिल्डरचे काम आहे, तुमच्या बिलातले नाही. आराखड्याची प्रत जोडूनच पत्र लिहा.

कोरांटी :
भाचा वाकडला घर घेतो आहे. त्याला करारनाम्यात नेमके काय पाहायला सांगू?

सांजवारा :
आगाऊ रक्कम किती महिन्यांची आहे, आणि सोसायटीकडे हस्तांतर होताना उरलेली शिल्लक परत देण्याचे कलम आहे का, हे आधी पाहायला सांगा. पाऊलवाट, तुम्ही विक्रीचे प्रमाणपत्र, म्हणजे नवा मालक नोंदण्याआधी लागणारा देखभाल कंपनीचा दाखला, मागितलेत का? आमच्या जमीन नोंदणीत तशी अट होती आणि कंपनीने ते द्यायला सहा आठवडे लावले.

पाऊलवाट :
नाही मागितले. आमच्याही नोंदणीत ती अट आहे. आजच अर्ज पाठवते.