मोनोटाइप आणि मोनोप्रिंट : एकच प्रतिशब्द पुरेल का?

मोनोटाइप आणि मोनोप्रिंट या पत्र्यावरून कागदावर चित्र छापण्याच्या दोन पद्धती आहेत. या दोहोंसाठी मराठीत ‘एकल मुद्राचित्र’ हा एकच प्रतिशब्द वापरावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वापरू नये, कारण छपाईनंतर पत्र्यावर काय उरते यावरच या दोन पद्धतींतला फरक उभा आहे आणि एका शब्दात तो नाहीसा होतो.

मोनोटाइपमध्ये गुळगुळीत पत्र्यावर किंवा काचेवर शाईने थेट चित्र काढतात, किंवा रूळ फिरवून सगळा पत्रा काळा करतात आणि मग चिंधीने, बोटाने, ब्रशच्या दांड्याने शाई पुसत पुसत त्या काळोखातून उजेड बाहेर काढतात. ओलसर कागद ठेवून पत्रा प्रेसमधून फिरवला, की जवळजवळ सारी शाई कागदाबरोबर उचलली जाते. पत्र्यावर कोरलेले काहीच नसल्यामुळे दुसरी प्रत काढलीच तर ती अगदी पुसट येते. मोनोप्रिंटमध्ये मात्र पत्र्यावर किंवा लाकडी ठोकळ्यावर कायमची रेषा असते आणि शाई लावण्याची व पुसण्याची तऱ्हा तेवढी दर वेळी बदलते.

इटलीतल्या जिनोव्हाच्या कास्तिल्योने या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या मध्यास मोनोटाइप केली होती. पण आपल्या प्रश्नाला खरा उजेड देणारी जोडी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली आहे. लुडोविक लेपिक या चित्रकाराने शेल्ट नदीकाठचे दृश्य एचिंगच्या (म्हणजे आम्लाने रेषा कोरण्याच्या) एकाच पत्र्यावर कोरले आणि निव्वळ शाईच्या फेरफाराने त्यातून 85 वेगवेगळ्या प्रती काढल्या. त्याच्याच सोबतीने चित्रकार एडगर देगा याने 1870 च्या दशकात आपली पहिली मोनोटाइप केली, तिच्यावर दोघांच्या सह्या आहेत, आणि पुढे देगाने अशी 300 हून अधिक चित्रे केली. पुसट आलेल्या दुसऱ्या प्रतीवर तो अनेकदा पेस्टलने रंगकाम करी. एकत्र काम केलेल्या या दोघांच्या चित्रांना एकच नाव दिले, तर लेपिकची कोरीव रेषा आणि देगाचा कोरा पत्रा यांत वाचकाला भेदच दिसणार नाही.

‘एकछाप’ हा शब्द सुटसुटीत वाटतो. परंतु ‘एका छापाचे’ म्हणजे सगळे सारखे, असा अर्थ मराठीत इतका रुजला आहे की वाचक नेमके उलटे समजेल. ‘एकठसा’ही नको, कारण ठसा म्हणजे उमटवण्याचे साधन आणि उमटलेली खूण दोन्ही, आणि मोनोटाइपमध्ये तर त्यांपैकी पहिले कायमचे असे नसतेच. म्हणून मोनोटाइपला ‘एकप्रत मुद्राचित्र’ म्हणावे. (नुसते ‘मोनोटाइप’ लिहिले, तर एकेक अक्षर सुटे ओतणारे छापखान्यातले यंत्र जुन्या जाणकारांना आठवेल, हाही एक धोका आहे.)

मोनोप्रिंटसाठी मला पोथ्यांच्या अभ्यासातला ‘पाठभेद’ हा शब्द फार जवळचा वाटतो. संहिता एक आणि पाठ निरनिराळे, तसाच येथे पत्रा एक आणि प्रती निरनिराळ्या. तेव्हा ‘पाठभेदी मुद्राचित्र’. चित्राखालच्या ओळीत ‘लेपिक, शेल्टचा काठ, पाठभेदी मुद्राचित्र’ असे छापले, तर याच पत्र्याच्या आणखी प्रती असणार हे वाचकाला स्पष्टीकरणावाचून कळेल.