खुब्याचं ऑपरेशन: 'स्नायू न कापता' हे गावाकडच्या माणसाच्या किती कामाचं?

घाटंजीकर
माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे (रक्ताच्या पेशी कोयत्यासारख्या वाकून अडकतात, तो जन्मजात आजार). वय ३२, गावात शिलाईचं दुकान. दोन वर्षांपासून उजव्या जांघेत दुखायचं, आम्ही सिकलचंच दुखणं समजून गोळ्या देत राहिलो. एमआरआय केला तेव्हा कळलं की रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक, आतून खचला आहे. आपल्या भागात सिकलवाल्या घरांना हे नवीन नाही.

आता गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी, दोन्ही बदलायचं ठरलंय. यवतमाळचे डॉक्टर म्हणतात, मागून करू. नागपूरचे म्हणतात, पुढून करू, स्नायू कापावे लागत नाहीत, माणूस दुसऱ्या दिवशी चालतो. फरक ७० हजारांचा, वर नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे.

माझं स्पष्ट मत आहे की 'स्नायू वाचवणारी शस्त्रक्रिया' हे बरंचसं विकायचं नाव आहे. जेवढं वाचलं त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली: पुढून केलेल्याला पहिले काही आठवडे सोपे जातात, तीन महिने उलटले की दोघं जवळपास सारखेच चालतात. मग सहा आठवड्यांसाठी ७० हजार काहून मोजायचे? पटत नसेल तर बोला.

फिजिओ_वर्धा
पटत नाही. "सहा आठवड्यांसाठी" असं म्हणायला पगारी रजा लागते. तुमचा भाऊ शिंपी आहे ना? ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं तर दिवाळीचे कपडे कोण शिवणार? तुम्ही ज्याला फक्त सहा आठवडे म्हणताय, तो त्याचा वर्षाचा हंगाम आहे.

मी दोन्ही प्रकारचे रुग्ण चालवते. पुढून जाताना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला दोन स्नायूंच्या मधली फट असते, तिच्यातून सर्जन आत शिरतो. मागून जाताना खुबा बाहेर फिरवणारे छोटे स्नायू हाडावरून सोडवतात आणि शेवटी परत शिवतात. ती शिवण धरेपर्यंत रुग्णाला जपावं लागतं: गुडघा छातीकडे न्यायचा नाही, मांडीवर मांडी नाही, बुटकं आसन नाही. पुढून केलेल्याला ही बंधनं बरीच कमी असतात. आता गावातल्या घरात खुर्च्या किती आणि पाट किती ते तुम्हीच सांगा. ज्या घरात जेवण, संडास, गप्पा सगळं जमिनीवर चालतं, तिथे हा फरक छोटा नाही.

पऱ्हाटी
मी एवढा शिकेल नाही जी, पन घरचं सांगतो. माह्या मायचं मांगून केलं, चार वरसं झाले. डॉक्टरनं बजावलं होतं, खाली बसाचं नाही. माय खाली बसलीच नाही, बाजेवर बसे. पन बाज कशी? नवार ढिल्ली, मधात झोल. त्याच्यावर बसलं का ढुंगन खाली अन् गुडघे वरतं. चौथ्या आठोड्यात उठता उठता कटकन वाजलं, पाय आखूड झाला अन् पंजा आत वळला. जीप करून नेलं, भूल देऊन गोळा बसवला.

मंग घरी येऊन नवार तानली, बाजेच्या चारही पायाखाली दोन दोन इटा देल्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीले मधात भोक पाडून संडासाची खुर्ची केली. त्याच्यानंतर आजलोक गोळा निंगाला नाही. औंदा सीतादहीले, कापूस येचाच्या पुजेले, वावरात बी आलती. आता सांगा, गुन्हा मांगच्या रस्त्याचा का बाजेचा?

घाटंजीकर
@पऱ्हाटी भाऊ, दहा लेखांत मिळालं नाही ते तुमच्या बाजेनं सांगितलं. मला हेच म्हणायचं होतं. ७० हजारांपेक्षा आठ इटा स्वस्त.

फिजिओ_वर्धा
हे तुम्ही तुमच्या सोयीचं वाचताय. इटा नंतर लागल्या, गोळा आधी निखळला. त्या माउलीला एका रात्रीत जे भोगावं लागलं ते हिशेबात कुठे आहे? प्रत्येक घराला इटा लावायला सांगणारं कोणी भेटतंच असं नाही. ऑपरेशननंतर हातात एक छापील कागद देतात, त्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र असतं. बाजेचं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

एकपायी
माझं पुढून झालंय, दोन वर्षांपूर्वी, वय ५४. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून व्हरांड्यात चाललो, तिसऱ्या दिवशी जिना. अडीच आठवड्यांत काठी सोडली. जाहिरातीत सांगतात ते माझ्या बाबतीत तरी खोटं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधी कोणी सांगितली नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर झालाय. कातडीखालून जाणारी एक नस त्या वाटेतच असते म्हणे. पहिल्यापेक्षा कमी आहे, पण अजून उजव्या खिशातला मोबाईल थरथरला तर मला कळत नाही. बायको म्हणते, मुद्दाम उचलत नाही. तरी पुन्हा करायची वेळ आली तर पुढूनच करीन.

हाडाचा_माणूस
अस्थिरोग विभागात काम करतो, नाव-गाव नको. दोन्ही बाजूंना थोडं थोडं झोडतो.

पुढून करण्याला जाहिरातीत 'नवीन तंत्र' म्हणतात, आधी त्या शब्दाचं. पुढची वाट जर्मनीच्या ह्युटर यांनी १८८१ साली लिहून ठेवली आहे. पुढे अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी ती रुळवली, म्हणून बरेच जण तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. १९४७ मध्ये पॅरिसला ज्यूदे यांनी कृत्रिम गोळा याच वाटेने बसवला. नवीन आहे ती तिची जाहिरात, आणि काही ठिकाणी पाय ओढून धरणारं खास टेबल.

दुसरं, 'मागून म्हणजे स्नायू कापणं' हेही अर्धवट. चालताना कंबर सरळ धरणारा मोठा स्नायू म्हणजे ग्लुटिअस मीडिअस. मागच्या वाटेत त्याला हात लागत नाही. तो सोडवावा लागतो बाजूच्या वाटेत, १९८२ च्या हार्डिंज पद्धतीत. तो नीट जुळला नाही तर माणूस कंबर टाकत चालतो. त्या वाटेची चर्चा इथे कोणी केलीच नाही, आणि खरी लंगड तिथे आहे. तशी आणखी एक वाट मागच्या वरच्या बाजूने आहे, सुपरपाथ, तिच्यात ते छोटे फिरवणारे स्नायूही सहसा न सोडता आत जातात.

तिसरं, पुढची वाटही पूर्ण 'न कापता' होतेच असं नाही. मांडीचं हाड वर उचलून आणण्यासाठी कधी कधी मागचा एखादा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) सोडावाच लागतो. २००६ च्या एका छोट्या अभ्यासात मृतदेहांवर दोन्ही वाटांनी ऑपरेशन करून स्नायू तपासले होते. पुढून केलेल्या निम्म्या खुब्यांत तो टेंडन तुटलेला किंवा सोडलेला निघाला. मागून केलेल्यांत वेगळ्या स्नायूंचं नुकसान जास्त होतं. फुकट कोणतीच वाट नाही.

आणि मागून केलं की गोळा निखळतोच, हेही जुनं झालं. खुब्याच्या सांध्याभोवतीची पिशवी आणि ते छोटे स्नायू शेवटी पक्के शिवले तर निखळण्याचं प्रमाण खूप खाली येतं. @पऱ्हाटी, तुमच्या मायच्या वेळी ते कसं शिवलं होतं ते मला माहीत नाही, त्यामुळे सगळा गुन्हा मी बाजेवर टाकणार नाही.

आता सिकलचं. @घाटंजीकर, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलीत आणि पुढे विसरलात. सिकलच्या रुग्णात मांडीच्या हाडाची पोकळी बऱ्याचदा आतून घट्ट, दगडासारखी झालेली असते. तिथे कृत्रिम गोळ्याचा दांडा बसवताना हाड तडकू शकतं, भोक पडू शकतं. तडकलं तर जखम खालीपर्यंत वाढवून तार बांधायला जागा लागते. मागून ती जागा सहज मिळते, पुढून करताना खूप सरावाचा हात लागतो. पुढच्या वाटेचा हात बसायलाच पहिल्या ५० ते १०० केसेस जातात असं आमच्यात मानतात. याशिवाय रक्ताची तयारी, ऑपरेशनच्या टेबलावर अंग थंड पडू न देणं, सलाईन आणि ऑक्सिजन कमी पडू न देणं, जंतुसंसर्गावर डोळा. वाट कोणती हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो.

फिजिओ_वर्धा
सिकलबद्दल मान्य. मी साध्या झिजलेल्या खुब्याचा विचार करत होते. पण तुम्ही सर्जन लोक "सहा महिन्यांनी सगळे सारखे" म्हणून विषय संपवता ते मान्य नाही. तुमच्याकडे रुग्ण सहा आठवड्यांनी एक्सरेला येतो. मधले बेचाळीस दिवस त्याला उचलून संडासला नेणारी त्याची बायको किंवा सून असते. तिची कंबर कोणत्या अभ्यासात मोजलीय?

हाडाचा_माणूस
मोजली नसेल. हे लागलं.

पऱ्हाटी
ताई बरोबर बोलून राहिल्या. मायले उचलून उचलून माही बायकोच गावच्या डॉक्टरपाशी कमरेचं सांगाले गेलती.

घाटंजीकर
चार दिवसांनी लिहितोय. काल भावाला घेऊन पुन्हा नागपूरला गेलो. यावेळी पैशाचं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की सिकलचे खुबे तुम्ही पुढून किती केले. डॉक्टर थोडं थांबले. म्हणाले, पुढून माझे दोनशेच्या वर झाले, पण त्यात सिकलचे तीन. तुमच्या भावाचा एक्सरे पाहता मी स्वतःही मागूनच जाईन, पहिल्या भेटीत पोकळी एवढी बारकाईने पाहिली नव्हती. मी इथे त्यांना जाहिरातवाले ठरवलं होतं, ते मागे घेतो.

तेव्हा मागूनच, यवतमाळला. रक्ताच्या बाटल्यांची सोय आधी करून ठेवायला सांगितलंय. डावा खुबाही एमआरआयमध्ये डागाळलेला दिसतोय, त्याचं पुढे पाहू.

@फिजिओ_वर्धा ताई, तुमचा दिवाळीचा मुद्दा भावाने वाचला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता तो म्हणतो की बसून शिवायचं कसं तेवढं विचार. त्याच्या मशीनपुढचं स्टूल मी टेपने मोजलं, १६ इंच भरलं. पायडल उजव्या पायानेच मारतो.

फिजिओ_वर्धा
१६ फार बुटकं आहे. बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहायला हवा, तेव्हा त्याला खुर्चीत बसवून गुडघ्यापर्यंतची उंची मोजा आणि त्यावर तीन-चार इंच धरा. पण नुसतं स्टूल वाढवलं तर तो मशीनवर वाकेल, आणि तेच नको आहे. मशीनही तेवढीच उचलावी लागेल, मग पायडल पायाखाली येणार नाही. मोटर बसवून घेता येते का बघा. आणि पहिले काही आठवडे डाव्या पायाने.

पऱ्हाटी
मशीनखाली बी इटाच लावा.