मदत हवी आहे : सेकंडहँड हिमालयन मोटरसायकलला टूरिंगचं सामान लावायचंय, बजेट ५५,०००, मागे बसणाऱ्याचा खर्च यात कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहतो, रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड) अंधेरीला ऑफिसला जातो. फेब्रुवारीत सेकंडहँड हिमालयन घेतली. जुनी ४११ सीसीची, २०२१चं मॉडेल, १,५५,०००ला पडली. डिसेंबरात मी आणि बायको तिच्यावरून कोकणात जाणार आहोत. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून मुरूड, मग आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी पकडत रत्नागिरी, आणि शेवटी तिच्या माहेरी आचऱ्याला. तेव्हा लग्नाला पंधरा वर्षं होतील. आजवर कायम रेल्वेने नाहीतर रातराणीने गेलो. त्या किनाऱ्यावर दोघांनी मिळून कधी थांबून पाहिलंच नाही, हे मला फार दिवस खुपतंय.

आता अडचण सांगतो. गेल्या शनिवारी एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हा हिशोब कागदावर लिहून दिला: क्रॅश गार्ड ५,२००, संप गार्ड (इंजिनाखालची संरक्षक पट्टी) ३,४००, ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या रेल्ससकट ३४,०००, टॉप बॉक्स प्लेटसकट १३,५००, जादा लाइट ७,८००, उंच विंडशील्ड ३,२००, हँडलबार रायझर १,९००, हँड गार्ड २,६००, सीट ६,५००, मोबाइल माउंट आणि चार्जर ३,४००, सायलेन्सर १४,०००, मजुरी ४,०००. एकूण ९९,५००. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे, म्हणजे १,१७,४१०. गाडीच्या किमतीच्या पाऊण पट!

माझ्याकडे ५५,००० आहेत. दिवाळीचा बोनस धरूनच.

घरी येऊन कागद दोनदा वाचला आणि काही गोष्टी स्वतःच खोडल्या. संप गार्ड कंपनीचाच बसवलेला आहे, तो काढून दुसरा कशाला? उंच विंडशील्डही नको. एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. आम्ही जाणार किनाऱ्याकिनाऱ्याने, पन्नास-साठच्या वेगाने, दर दहा मिनिटांनी एखाद्या गावातून. तेवढ्याला कंपनीची छोटी काच पुरते. रायझर नको, मला हँडल आहे तिथे बरोबर पोचतं. सायलेन्सर तर नकोच. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजोबा आजारी आहेत, पहाटे पाचला मी गाडी गेटपर्यंत ढकलत नेतो.

पेट्यांवर मात्र दोन दिवस विचार केला. दिसायला फार सुंदर, खोटं कशाला बोलू. पण दुकानातल्या नमुन्याला टेप लावून पाहिला. दोन्ही बाजूंनी लावल्या की गाडी जवळपास एक मीटर रुंद होते. सकाळी गांधीनगरच्या सिग्नलला बेस्टची बस आणि रिक्षा यांच्या मधून जाताना माझे आरसेच जेमतेम सुटतात. आणि रोज संध्याकाळी त्या काढून तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या, कारण पार्किंग उघडं आहे. रिकामी पेटी उचलून पाहिली, तांदळाची पाच किलोची पिशवी उचलल्यासारखी वाटली. दोन पेट्या आणि रेल्स म्हणजे सामान भरायच्या आधीच पंधरा किलोच्या आसपास वजन. गाडी मुळात १९९ किलोची, २४ बीएचपीची. मी ८२ किलो, बायको ६१.

खरा प्रश्न इथून पुढे आहे. त्या अख्ख्या कागदावर माझ्या बायकोसाठी एकही ओळ नव्हती. दुकानदाराने विचारलंही नाही की मागे कोण बसणार. मी जेवढे व्हिडिओ पाहिले तेही सगळे एकट्याने जाणाऱ्यांचे. मागच्या सीटवर बॅग बांधलेली, माणूस नाही.

तिला दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचा त्रास झाला होता. आता बरी आहे, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, फक्त तासाभराने उतरून चालायला सांगितलंय. तिचं हेल्मेट म्हणजे स्कूटरसाठी घेतलेलं अर्धं, हनुवटी उघडी. जॅकेट नाही, हातमोजे नाहीत. माझं जॅकेट आणि पूर्ण हेल्मेट मात्र पहिल्याच महिन्यात आलं होतं. हे लिहितानाच मला जाणवलं की हे चूक होतं.

दुसरी गोष्ट लाइटची. जुलैत एका गॅरेजवाल्याकडून २,२०० मध्ये जादा लाइट बसवून घेतले होते. त्याने हेडलाइटची वायर सोलली, तिला नवीन वायर पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. मी शेजारी उभा राहून बघत होतो, पण त्यातलं काही कळत नसल्यामुळे गप्प राहिलो. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं माणगावहून परत येत होतो. रात्रीचे साडेआठ, धो धो पाऊस. आधी जळकट वास आला, मग हेडलाइट आणि जादा लाइट एकदमच गेले. पुढे फक्त काळोख आणि पाणी. तिने मागून माझ्या खांद्यावरून मोबाइलची टॉर्च धरली. एका ट्रकवाल्याने आमचे हाल ओळखले, वेग कमी केला आणि पुढच्या धाब्यापर्यंत आम्हाला त्याच्या मागच्या दिव्यांच्या आधाराने येऊ दिलं. तिचा हात तेवढा वेळ माझ्या खांद्यावर थरथरत होता, ते मी विसरू शकत नाही. कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "पाणी गेलं, आम्ही काय करणार?" दुरुस्तीला ३,१०० गेले, पण ती वायर अजून जोडकामाचीच आहे.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

१. ५५,००० मध्ये पहिला खर्च कशावर करू? तिच्या हेल्मेट-जॅकेटचे पैसे यातूनच जाणार, ते नक्की.
२. लाइट पुन्हा लावायचे तर वायरिंग कसं असावं? माणसासमोर उभं राहून काय काय तपासायचं?
३. कापडी सॅडलबॅगा पावसाळ्याबाहेर पुरतात का? मागे बसणाऱ्याच्या पायांना अडतात का?
४. इन्शुरन्सला हे सगळं कळवावं लागतं का?

प्रतिसाद १

दादा, लाइटचं आधी बोलतो, कारण जे झालं ते पाण्याने नाही झालं. तुमच्या गाडीचा हेडलाइट हॅलोजन, ६०/५५ वॅटचा. म्हणजे लो बीमलाच साडेचार-पाच अँपिअर करंट. त्याच वायरीवर, त्याच कनेक्टरवर, त्याच स्विचवर अजून ४० वॅट टाकले की आठ अँपिअर. पीळ दिलेला सांधा तापणारच. पावसाने त्यात भर घातली इतकंच.

बरोबर पद्धत अशी: बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग लाइट. मायनस परत बॅटरीला. हँडलवरचा स्विच फक्त रिलेला चालू-बंद करतो, जड करंट त्यातून जात नाही. रिलेची इशाऱ्याची वायर अशा ठिकाणाहून घ्यायला सांगा की चावी काढली की लाइट बंद झाले पाहिजेत, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली सापडेल. २० वॅटचे दोन लाइट म्हणजे सव्वातीन अँपिअर, पाचचा फ्यूज पुरे. दहा-पंधराचा टाकत असतील तर थांबवा, वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही. आणि लाइटचं तोंड खाली ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत मारणारे लाइट घाटात आपल्याच जिवावर येतात.

तयार हार्नेस (फ्यूज-रिलेसकट जोडलेल्या वायरींचा संच) मिळतो, हजार-दीड हजारात. लाइटपेक्षा त्याला जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या.

सायलेन्सर खोडलात ते उत्तम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ नोंदीत बसत नाही असा बदल चालत नाही, आणि १८२ अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इन्शुरन्सला कळवा. कंपनीने गाडीसोबत न दिलेलं सामान पॉलिसीत वेगळं लिहून घेतलं नसेल तर त्याचे पैसे मागता येत नाहीत. विजेच्या सामानाला टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के प्रीमियम, म्हणजे ४,०००च्या लाइटला १६० आणि वर कर. त्यासाठी पक्कं बिल हवं, म्हणून १८ टक्के वाचवायला जाऊ नका. जुने भाव वाचत असाल तर लक्षात ठेवा, सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५च्या आधी २८ टक्के कर होता.

प्रतिसाद २

मी गेली सहा वर्षं नवऱ्याच्या मागे बसून फिरते, म्हणून लिहिते. दादा, सीटवर ६,५०० घालायच्या आधी फुकटातलं एक करा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या. एकट्या माणसासाठी लावलेला शॉकअप दोघांच्या वजनाने आधीच बसलेला असतो, मग प्रत्येक खड्डा थेट मागच्याच्या कमरेत. हुकाच्या पान्याने पाच मिनिटांचं काम आहे. टायरची हवासुद्धा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिली आहे तेवढी भरा. एवढ्यानेच माझा अर्धा त्रास गेला होता.

बॅगा कापडीच घ्या, पण वहिनींना दुकानात घेऊन जा. बॅगा भरलेल्या असताना त्यांना पंधरा मिनिटं गाडीवर बसू दे. रिकाम्या बॅगेत काही कळत नाही. माझ्या पहिल्या बॅगा इतक्या पुढे होत्या की पोटऱ्या बाहेर ढकलल्या जायच्या, अलिबागपर्यंत मांड्या भरून आल्या. सॅडल स्टे (बॅगेला गाडीपासून दूर धरणारी लोखंडी चौकट) मात्र नक्की लावा, नाहीतर कापड सायलेन्सरला टेकतं आणि जळतं.

जॅकेट त्यांच्याच मापाचं घ्या. दुकानदार पुरुषांचं एक नंबर लहान देऊन मोकळे होतात. खांदा बसतो, पण कोपराचं पॅड कोपराच्या खाली उतरतं, मग पडल्यावर ते कोपराला वाचवत नाही. हात वाकवून पॅड कुठे येतं ते बघा. आणि आयएसआयचं फुलफेस हेल्मेट. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही जून २०२२ पासून हेल्मेटची सक्ती आहे, पण पोलिसांसाठी नाही, हनुवटीसाठी घ्या.

प्रतिसाद ३

तुमच्या हिमालयनला ट्यूबवाले टायर आहेत. यादीत जादा ट्यूब, दोन लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या) आणि पंप दिसला नाही. किनाऱ्यावरच्या रस्त्याला संध्याकाळनंतर पंक्चरवाला शोधत बसाल. मधला स्टँड कंपनीचाच आहे, चाक काढायला सोपं जातं, एकदा घरी सराव करा. मोबाइल माउंट घ्याल तर खाली धक्के शोषणारा डॅम्पर असलेला घ्या. ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय की मोटरसायकलच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. आणि क्रॅश गार्डचे नटबोल्ट नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन स्टेनलेसचे बदला. खाऱ्या हवेत साधे बोल्ट एका हिवाळ्यात गंजतात.

धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यांना विचारायला हवं होतं आधी." रविवारी सकाळी शेजारच्या मुलाच्या मदतीने प्रीलोड वाढवला आणि दोघं पवई तलावाला चक्कर मारून आलो. आयआयटीसमोरच्या त्याच खड्ड्यांवरून गेलो. ती उतरून म्हणाली, गाडी बदललीस की काय?

नवा हिशोब असा मांडलाय. तिचं: हेल्मेट ६,५००, जॅकेट ९,०००, हातमोजे २,२००, नीगार्ड २,८००, घोट्याच्या वर येणारे बूट ५,५००. हे २६,०००. गाडीचं: क्रॅश गार्ड ५,२००, कापडी बॅगा स्टेसकट ११,३००, जुनी वायर काढून फ्यूज-रिलेचा हार्नेस २,३०० (लाइट जुनेच वापरतो, ते शाबूत आहेत), डॅम्परवाला माउंट आणि चार्जर ३,४००, ट्यूब-लिव्हर-पंप २,४००. झाले ५०,६००. उरलेल्या ४,४०० मध्ये सीटचा फोम बदलून घेता येईल का, असा विचार आहे. नवीन सीट नाही, आहे त्याच सीटवर मागच्या भागाला जाड फोम आणि वरून नवीन कव्हर.

म्हणून शेवटचं विचारतो. भांडुप ते ठाणे किंवा सायनपर्यंत, माणसाला समोर बसवून सीट कापणारा, घाई न करणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? तिला शनिवारी सुट्टी असते, दोघं मिळूनच येऊ.