जुने संगीत सरस होते, की आपण त्यातले निवडकच ऐकतो?

गिरगावकर:
माझे वडील १९६०च्या दशकात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. ताडदेवच्या स्टुडिओत पोचले की सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याकडच्या अरेंजरनी, म्हणजे कोणते वाद्य काय वाजवणार हे ठरवणाऱ्यांनी, पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेले कागद स्टँडवर तयार असत. मग गायक, तालवादक आणि तीस-चाळीस तंतुवादक एकाच दालनात, एकाच वेळी गाणे वाजवून पूर्ण करत. कोणा एकाचा सूर जरा घसरला तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे, आणि म्हणून प्रत्येकाचे कान दुसऱ्याकडे लागलेले असत. आज वादक एकेकटा येतो किंवा येतच नाही, कारण त्याच्या वाद्याचा साठवलेला ध्वनी कीबोर्डवर मिळतो. गायक दोन-दोन ओळी गातो आणि त्याचा सूर नंतर ऑटोट्यूनने सरळ केला जातो. आजच्या चाली वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मात्र माणसे एकमेकांचे ऐकत वाजवत आहेत हे जुन्या गाण्यात मला स्पष्ट ऐकू येते, आजच्या बहुतेक गाण्यांत येत नाही, आणि एवढ्यापुरते आजचे संगीत मला निश्चितच उणे वाटते.

दादरची श्रोती:
आपल्या वडिलांविषयी पूर्ण आदर राखून मी असहमत आहे. जुनी म्हणून जी गाणी आपण आज ऐकतो ती काळाच्या चाळणीतून राहिलेली आहेत; त्याच वर्षांतली शेकडो सुमार गाणी कोणी लावत नाही, त्यामुळे आपण त्या काळातले उत्तम आणि आजचे सगळेच, अशी विषम तुलना करत असतो. शिवाय हीच तक्रार तेव्हाही होती. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या शास्त्रीय संगीताच्या आग्रहापायी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा हलकी म्हटले गेले, त्यांनाच आज आपण सुवर्णयुग म्हणतो.

ध्वनिमुद्रक, अंधेरी:
तंत्राने संगीताला मुरड घालणे आजचे नाही. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारे नाट्यपद मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटांत बसवावे लागे, आणि जाणकारांना ते खटकतच असणार. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेले तरच गाणे ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते. त्यामुळे सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडते आणि मुखडा लवकर येतो. हे नुकसान मला मान्य आहे. पण डोंबिवलीतली एखादी मुलगी आज स्वतःच्या खोलीत गाणे मुद्रित करून लोकांपर्यंत पोचवू शकते. आपल्या वडिलांच्या काळात तिला त्या दालनात पाऊलही ठेवता आले नसते. आणि वाद्यवृंद संपला म्हणावे, तर २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा सिंफनी वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवून घेतला.

गिरगावकर:
त्या उदाहरणाने माझेच म्हणणे पुढे जाते. मराठी चित्रपटाच्या वाद्यवृंदासाठी लॉस एंजेलिस गाठावेसे वाटावे, आणि एके काळी ज्या शहरात व्हायोलिनवादकांची घरेच्या घरे होती तिथे ते होऊ नये, याचे मला दुःख आहे. चाळणीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. आपण वाजवलेल्या बहुतेक गाण्यांची नावेही आठवत नाहीत, असे वडील स्वतःच सांगत. तरीही ती विसरलेली गाणीसुद्धा चाळीस माणसांनी समोरासमोर बसून वाजवलेली होती.

दादरची श्रोती:
मग आपला आक्षेप संगीतावर नसून ते ज्या रीतीने घडते तिच्यावर आहे, आणि तो वेगळा मुद्दा आहे. श्रोत्याला अखेर गाणेच ऐकू येते. एकट्याने घडवलेल्या गाण्यानेही माझ्या डोळ्यांत पाणी आलेले आहे.

ध्वनिमुद्रक, अंधेरी:
मला हे दोन मुद्दे इतके वेगळे वाटत नाहीत. गेल्या महिन्यात एका मराठी भावगीतासाठी मी सहा तंतुवादक एकत्र बसवले. निर्मात्याने खर्चासाठी बरेच आढेवेढे घेतले, परंतु तिसऱ्या टेकला त्या सहा जणांची लय आपोआप किंचित सैलावली आणि गायिकेने तिथेच आपला श्वास बदलला. हेडफोनमधल्या क्लिकच्या, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर एकेकट्याने मुद्रित करताना हे मला कधी साधलेले नाही. पुढच्या गाण्याचे मुद्रण ठरले की गिरगावकरांनी अवश्य यावे. काचेच्या या बाजूला एक खुर्ची मी मोकळी ठेवीन.