पीटीच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं: व्यायाम की खेळ?

खोखोवालीची आई

माझी मुलगी सातवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या सामन्यात खो मिळाल्यावर उठली, धावली आणि खांबाजवळ पाय रोवताना गुडघा आत वळून आडवी झाली. पडताना हात ताठ टेकवला. गुडघा वाचला, मनगटाचं हाड मोडलं. पाच आठवडे प्लॅस्टर.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचते आहे. फुटबॉलमध्ये ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी ‘फिफा ११+ किड्स’ नावाचा सराव आहे. सातच व्यायाम, पंधरा-वीस मिनिटांचे: एका पायावर तोल, उडी मारून नीट खाली येणं, पोट-पाठीची ताकद आणि पडायचं कसं हेसुद्धा. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलंड्स आणि चेक प्रजासत्ताकात सुमारे ३,९०० मुलांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ साली आले. ज्या संघांनी हा सराव केला, त्यांच्यात दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

आमच्या शाळेत वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा आणि वाकून पायाची बोटं धरणं. नुसतं ताणून दुखापती टळत नाहीत, हे आता पुरेसं स्पष्ट झालंय. माझं म्हणणं एवढंच की शाळेच्या प्रत्येक संघाला आठवड्यातून किमान दोनदा असा सराव सक्तीचा करावा.

निवृत्त पीटी शिक्षक

ताई, मुलीला लवकर बरं वाटो. पण मी एकतीस वर्षं पीटी शिकवली आणि मला हे पटत नाही. तुम्ही जे वर्णन केलंत ते आपल्याकडे होतंच. एका पायावर तोल म्हणजे लंगडी. पायांची ताकद म्हणजे बैठका. पडायला शिकायचं तर तालमीच्या मातीसारखा गुरू नाही, वस्ताद पोराला पहिले पडायलाच शिकवतो. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला पोट-पाठीचा वेगळा व्यायाम कशाला?

मुलं अधू झाली ती व्यायाम कमी पडला म्हणून नाही, खेळ कमी पडला म्हणून. झाडावर चढणं गेलं, विटीदांडू गेला, शाळेत चालत जाणं गेलं. आता जे पस्तीस मिनिटं मैदान मिळतं, त्यातली पंधरा तुम्ही कवायतीला देणार. त्या वयाचं पोर ओळीत उभं राहून मोजणीवर उड्या मारायला लागलं की आठवड्याभरात कंटाळतं. मी पाहिलंय.

फिजिओ, नाशिक

सर, लंगडीबद्दल शंभर टक्के सहमत. एक गोष्ट मात्र माझ्याकडे येणाऱ्या मुलांत कायम दिसते. प्रत्येक मूल लंगडी आपल्या पक्क्या पायावरच घालतं. कच्चा पाय कच्चाच राहतो, आणि मुरगळतो बहुधा तोच. दुसरं, उडीवरून खाली येताना गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत जातोय का, हे खेळाच्या नादात कोणी बघत नाही. मूल दिवसाला शंभर उड्या मारेल, पण शंभरही चुकीच्याच मारेल. “गुडघे बाहेर ठेव, आवाज न करता उतर” एवढं सांगणारं माणूस समोर लागतं. खो-खोत तर हे जास्तच, कारण एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही. पूर्ण वेगात थांबणं आणि वळणं एकाच पायावर येतं.

नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुली फुटबॉलपटूंवर मोठ्यांच्या ‘११+’ सरावाचा अभ्यास झाला होता, २००८ साली. तिथे दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. वयात येतानाच मुलींच्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या (हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) दुखापती वाढू लागतात, म्हणून सातवी-आठवी ही सुरुवातीची योग्य वेळ आहे.

आकडे बघणारा

दोन्ही अभ्यास फुटबॉल संघांचे आहेत. तिथे प्रशिक्षक असतो, ठरलेला सराव असतो. आपल्या चर्चेचा विषय शाळा आहे, म्हणून शाळेतला अभ्यास पाहू. नेदरलंड्समध्ये ४० प्राथमिक शाळांत १० ते १२ वयाच्या सुमारे २,२०० मुलांवर ‘आयप्ले’ नावाचा प्रयोग झाला. पीटीच्या तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच मिनिटांचे व्यायाम, शिवाय मुलांना आणि पालकांना माहितीपत्रकं. २०१० साली निकाल आला: सगळ्या मुलांचा एकत्र विचार करता ठोस फरक सिद्ध झाला नाही. मग सक्ती कशाच्या जोरावर करायची?

खोखोवालीची आई

हा अभ्यास मी पाहिला नव्हता. पण तुम्ही “सगळ्या मुलांचा एकत्र विचार करता” म्हणालात. वेगवेगळा केला तर?

आकडे बघणारा

बरोबर पकडलंत, ते मी आधीच लिहायला हवं होतं. जी मुलं एरवी फार कमी हालचाल करतात, त्यांच्यात दुखापती कमी झाल्याचं दिसलं. रोज खेळणाऱ्यांत नाही. पण म्हणूनच तुमच्या मूळ मागणीला माझा विरोध आहे. तुम्ही संघाला सराव द्या म्हणता. शाळेत ज्यांना सर्वांत जास्त उपयोग होईल ती मुलं संघात नसतात. ती ‘पोटात दुखतंय’ सांगून मैदानाच्या कडेला पायरीवर बसलेली असतात.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

आमच्या शाळेत दोन शिक्षक, पाच वर्ग. पीटीचा वेगळा शिक्षक नाही, मैदान म्हणजे शाळेपुढचं मुरमाड आवार. तिथे दर आठवड्याला कोणाचं ना कोणाचं गुडघं सोलतं. तुमची चर्चा वाचून पहिल्यांदा वाटलं, हे शहरातल्या शाळांचं. पण या सरावाला सामान लागत नाही असं दिसतंय, तेव्हा मला जमेल. मला जमणार नाही ते म्हणजे आणखी एक नोंदवही. सक्ती म्हटलं की व्यायामाआधी तक्ता येतो, मग त्याचा फोटो वर पाठवायचा. कृपा करून ती मागणी करू नका.

दहावीच्या मुलाचा बाप

एक वेगळीच बाजू मांडतो. माझ्या मुलाला तेराव्या वर्षी गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाला टेंगूळ येऊन दुखायला लागलं. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात या दुखण्याला. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडाचा तो भाग अजून कोवळा असतो आणि मांडीचा स्नायू त्याला सारखा ओढत राहतो. त्या वर्षी तो शाळेकडून कबड्डी, क्लबकडून कबड्डी आणि वर अॅथलेटिक्स असं सगळं खेळत होता. दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळतील या आशेने मीही थांबवलं नाही. ती चूक माझी. कुठल्याही व्यायामाने ते टळलं नसतं, खेळणं कमी केल्यावरच बरं झालं. मला भीती वाटते ती ही, की ‘आम्ही सराव घेतो ना’ म्हणत शाळा आणि पालक मुलांना आणखी राबवतील.

फिजिओ, नाशिक

ही भीती खरी आहे. दुखत असताना खेळवणं कुठल्याही सरावाने भरून निघत नाही. उंची वेगाने वाढते त्या वर्षी सामने कमी आणि आठवड्यात पूर्ण विश्रांतीचे दिवस, हे आधी. सराव त्यानंतर.

खोखोवालीची आई

माझी मागणी बदलते. संघाला नाही, सगळ्या वर्गाला. सक्ती नको, नोंदवही नको. आणि सर, कवायतीऐवजी हे खेळातूनच बसवता आलं तर मला हवंच आहे. दोन्ही पायांवर आलटून पालटून लंगडी, पकडताना गुडघा आत वळू न देणं, चटईवर खांदा गोल करून लोळण.

निवृत्त पीटी शिक्षक

उजव्या पायाची लंगडी एक डाव, डाव्या पायाची एक डाव. असा नियम मी कधी लावला नव्हता, आणि लावायला हवा होता. मोजणीवर उड्या मारायला लावणं मला अजूनही मान्य नाही. पण लोळणीसाठी चटई नसेल तर वाळू चालते. आमच्या गावच्या शाळेत एक खड्डा आहे, लांब उडीचा, वापरात नाही. पुढच्या आठवड्यात तो खणून घेतो. पायरीवर बसणारी पोरं आधी तिथे बोलावतो.