सीटीत दिसलेली ७ मिमीची गाठ

भाऊ, बाबा गाडीवरून पडले, छातीचा सीटी स्कॅन झाला, रिपोर्टात फुफ्फुसात ७ मिमीची गाठ आहे आणि डिस्चार्ज कार्डावर तिचं नावच नाही, असं तुम्ही लिहिलंत. इमर्जन्सीत सगळं लक्ष रक्तस्रावाकडे असतं, म्हणून हे सुटतं. आधी रिपोर्टात ‘कॅल्सिफाइड’ शब्द शोधा. पूर्ण चुना साचलेली गाठ बहुधा जुन्या टीबीचा व्रण असते. तसं नसेल, गाठ एकच आणि भरीव असेल, तर ६ ते १२ महिन्यांत कमी मात्रेचा, बिनइंजेक्शनचा सीटी. कापूस वेचणी आटोपून गेलात तरी चालेल, पण तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. आधी कॅन्सर झाला असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही, लगेच छातीच्या डॉक्टरांकडे जा. बाबा बिडी ओढत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. या स्कॅनची सीडी जपाच, जुन्या चित्राशी ताडल्याशिवाय गाठ वाढली की नाही, कळत नाही.